तळघरातील माणूस आणि बंद खोलीतला मुलगा

'अ‍ॅडोलसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका १३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आली आणि पाहता पाहता आपल्याही घराघरांत पोहोचली. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी ती लिहिली आणि फिलिप बॅरंटिनी यांनी दिग्दर्शित केली. इंग्लंडच्या उत्तर भागातील एका साध्या, कष्टकरी कुटुंबातील तेरा वर्षांचा जेमी मिलर आपल्याच शाळेतील केटी नावाच्या मुलीचा सुऱ्याने भोसकून खून करतो, एवढेच तिचे कथानक. खून कोणी केला हे रहस्य पहिल्या भागाच्या अखेरीसच संपते. मुलाचा पालक म्हणून चौकशीला शेजारी बसलेल्या बापाला पोलीस एक चित्रफीत दाखवतात आणि त्या बापाच्या डोळ्यांदेखत सारे उघड होते. उरलेले तीन भाग 'का?' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात.

मालिकेचे पुष्कळ कौतुक झाले व ते योग्यच झाले. सप्टेंबर २०२५ मधील एमी पुरस्कारांत तिला सर्वोत्तम लघुमालिकेचा मान मिळाला. जेमीची भूमिका करणारा ओवेन कूपर अवघ्या पंधराव्या वर्षी अभिनयाची एमी मिळवणारा सर्वांत लहान पुरुष कलावंत ठरला. त्या वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान असलेले कीर स्टार्मर यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि तेथील माध्यमिक शाळांना ती विनामूल्य दाखवण्याची सोय झाली. या शेवटच्या गोष्टीने मात्र मी थोडा साशंक झालो. एखाद्या कलाकृतीचा 'धडा' झाला की तिच्यातले अवघड ते आधी गळून पडते आणि हाती उरते ते तात्पर्य. 'मोबाइल वाईट, पालकांनी लक्ष द्यावे' हे तात्पर्य काढायला चार तास मालिका पाहण्याची गरज नाही. आपल्याकडचे कोणतेही रविवारचे प्रवचन ते दहा मिनिटांत सांगू शकते. माझ्याही प्रवचनांनी ते सांगितलेले आहे.

मला ही मालिका बोचली ती एका शब्दामुळे. दुसऱ्या भागात तपास अधिकारी ल्यूक बॅस्कम जेमीच्या शाळेत जातो. केटीने जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली काही चिन्हे त्याने पाहिलेली असतात आणि त्यावरून दोघांची मैत्री असावी असा त्याचा समज झालेला असतो. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. तो बापाला बाजूला घेतो आणि ओशाळून समजावतो की त्या चिन्हांचा अर्थ अगदी उलटा आहे, केटी जेमीची टर उडवत होती. लाल गोळी म्हणजे 'सत्य कळले', हा संकेत १९९९ च्या 'द मेट्रिक्स' या चित्रपटातून उचललेला. शंभराचा आकडा म्हणजे ऐंशी टक्के स्त्रिया वीस टक्के पुरुषांवरच भाळतात, बाकीच्या पुरुषांच्या वाट्याला कोणी येत नाही, हा सिद्धांत. आणि या सगळ्याची बेरीज म्हणजे जेमी 'इन्सेल' आहे. इन्सेल हे दोन इंग्रजी शब्द जोडून केलेले आखूड रूप. अर्थ असा, की मनाविरुद्ध ब्रह्मचारी राहिलेला माणूस.

तेरा वर्षांच्या मुलाला कोणी ब्रह्मचारी म्हणून हिणवावे आणि त्याने ते मनाला लावून घ्यावे, हे ऐकून मी मालिका थांबवली व काही वेळ तसाच बसून राहिलो. डीकनपदाच्या दीक्षेच्या वेळी बिशपांसमोर मी ब्रह्मचर्याचे वचन दिले, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. तो शब्द आमच्या लेखी अर्पणाचा शब्द आहे. तोच शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला शिवी झाला आहे, एवढेच नव्हे तर द्वेषाचा झेंडा झाला आहे, याचा मला पत्ताच नव्हता. शोध घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. १९९७ च्या सुमारास कॅनडातील एका तरुणीने एकाकी माणसांनी एकमेकांना धीर द्यावा म्हणून ही कल्पना पुढे आणली होती, आणि तिच्या मनात स्त्रिया व पुरुष दोघेही होते. पुढे तो शब्द तिच्या हातून निसटला. २३ मे २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे बावीस वर्षांच्या एका तरुणाने, आपल्याला कोणत्याही मुलीने पसंत केले नाही याचा सूड म्हणून, सहा जणांचे प्राण घेतले आणि मग स्वतःला संपवले. स्त्रियांवर उगवायच्या त्या सूडात मेलेल्या सहांपैकी चार तरुण पुरुष होते. पुढे २३ एप्रिल २०१८ रोजी टोरांटोत दुसऱ्या एकाने, त्या पहिल्याचा जयजयकार करून, भाड्याची व्हॅन पादचाऱ्यांच्या अंगावर घातली. दहा जण त्याच दिवशी गेले. जखमी झालेली एक स्त्री तीन वर्षे अंथरुणावर काढून २०२१ साली वारली. या दोघांची नावे मी येथे मुद्दामच देत नाही. नाव व्हावे हाच त्यांचा एक हेतू होता.

एकटेपणा मलाही ठाऊक आहे. रविवारच्या शेवटच्या मिस्साबलिदानानंतर लोक आपापल्या घरी जेवायला जातात आणि धर्मगुरूच्या निवासात एकाच माणसाचे पान मांडलेले असते. त्या टेबलाशी बसून चिडचिड झाली नाही, असे मी म्हणणार नाही. पण माझ्या एकटेपणाचे देणे कोणत्याही स्त्रीकडे थकलेले आहे, असे मला कधी वाटले नाही. या तरुणांना ते तसे वाटते. प्रेम हे आपले येणे आहे, ते वसूल होत नाही, म्हणजे कोणीतरी बुडवले आहे, अशी त्यांची हिशेबाची वही आहे. ही वही त्यांना कोणी दिली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका जुन्या पुस्तकाकडे परत जावे लागले.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात अस्तित्ववादाच्या निमित्ताने आम्हाला दोस्तोयेव्हस्कीची एक लहान कादंबरी नेमलेली होती. मराठीत तिला 'तळघरातील टिपणे' म्हणता येईल. १८६४ साली दोस्तोयेव्हस्की बंधूंच्या 'एपोखा' या नियतकालिकात ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात पीटर्सबर्गमधील चाळिशीचा एक निवृत्त कारकून आपल्या कोंदट खोलीत बसून विज्ञान, बुद्धिवाद, प्रगती या सर्वांशी हुज्जत घालतो. दुसऱ्यात तो आपल्या चोविसाव्या वर्षी घडलेली हकिकत सांगतो. परीक्षेला पहिलाच भाग होता. दुसरा आम्ही 'गोष्ट' म्हणून सोडून दिला. आज वाटते, की आमच्या प्राध्यापकांनी उलट करायला हवे होते.

त्या हकिकतीची सुरुवात हसू येईल अशी आहे. एका गुत्त्यात बिलियर्डच्या टेबलाशी हा उभा असताना एक धिप्पाड लष्करी अधिकारी त्याला खांद्याला धरतो, बाजूला ठेवतो आणि निघून जातो. शिवी नाही, धक्का नाही. एखादी खुर्ची सरकवावी तसा सरकवतो. मारले असते तर याने क्षमा केली असती, पण आपण त्याला दिसलोच नाही हे याला सहन होत नाही. मग वर्षानुवर्षे हा त्या अधिकाऱ्याचा माग काढतो. नेव्हस्की या हमरस्त्यावर समोरासमोर आल्यावर आपण बाजूला व्हायचे नाही, खांद्याला खांदा भिडवायचा, असे ठरवतो. त्यासाठी बरोबरीचा दिसायला हवे म्हणून कोटाला चांगल्या फरची कॉलर लावतो आणि तिच्यासाठी पैसे उसने घेतो. अखेर एकदा खांदा भिडतो. अधिकारी वळूनही पाहत नाही. हा मात्र विजयाच्या धुंदीत गाणी म्हणत घरी येतो.

त्यानंतर शाळासोबत्यांची मेजवानी येते. तिथे हा बोलावणे नसताना घुसतो, अपमानित होतो, आणि त्यांच्या मागोमाग एका वेश्यागृहात जातो. सोबती तिथे सापडत नाहीत. सापडते लिझा, रिगाहून आलेली वीस वर्षांची मुलगी. पुढची पाने मला या वयात वाचताना जड गेली, कारण तिच्या अंधाऱ्या खोलीत हा माणूस प्रवचन देतो. कुटुंबाचे सुख, पित्याचे प्रेम, मांडीवरचे मूल, आणि मग तिचे भविष्य: क्षय, थडगे, पाण्याने भरलेला खड्डा. प्रवचन उत्तम आहे. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणते, की तुमचे बोलणे पुस्तकातले वाटते. या एका वाक्याने तो चिडतो आणि अधिकच जोर लावून बोलतो, ती उशीत तोंड खुपसून आक्रोश करीपर्यंत. निघताना तो तिला आपला पत्ता देतो. ती धावत जाऊन एक कागद आणते. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने, तिच्या सध्याच्या जिण्याची काही कल्पना नसताना, तिला लिहिलेले ते आदराचे, प्रेमाचे पत्र असते. आपल्यालाही कोणी माणूस म्हणून पाहिले आहे, एवढेच तिला दाखवायचे असते.

काही दिवसांनी लिझा खरोखरच त्याच्या दारात उभी राहते. त्या क्षणी हा फाटक्या झग्यात, पगारावरून नोकराशी कडाकडा भांडत असतो. तारणाऱ्याचा मुखवटा गळून पडतो. त्याबद्दल तो तिलाच शिक्षा करतो. माझा अपमान झाला होता म्हणून मी तुझा केला, मला सत्ता गाजवायची होती, असे तो तोंडावर ओकतो. लिझा त्यातले एकच ऐकते: हा माणूस दुःखी आहे. ती त्याला मिठी मारते. दोघे रडतात. आणि रडता रडताच याच्या मनात येते, की आता ती वरचढ झाली, त्या रात्री ती जशी माझ्यापुढे चिरडलेली होती तसा आज मी तिच्यापुढे आहे. पुढे जे घडते ते प्रेमाचे नसते. शेवटी ती निघताना तो तिच्या मुठीत पैसे कोंबतो.

स्त्रीद्वेषाविषयी मी जे काही वाचले आहे त्यात याहून खोल जाणारे दुसरे वाचलेले नाही. आजकाल सर्रास म्हटले जाते, की या तरुणांवर कोणी प्रेम करीत नाही म्हणून ते असे होतात. दोस्तोयेव्हस्की म्हणतो, थांबा, मी याच्या दारात प्रेम आणून उभे करतो, मग पाहा. प्रेम येते आणि हा ते घेऊ शकत नाही. प्रेम करणाऱ्याला आपला फाटका झगा दिसतो, ही त्यातली अडचण आहे. त्याला हवी असते टाळी, किंवा अंकित माणूस. आपल्याला आरपार पाहूनही जवळ येणारी स्त्री त्याला शत्रू वाटते.

आता मालिकेचा तिसरा भाग घ्या. माझ्या मते मालिकेचे सारे मोल त्यात आहे. खुनाला सात महिने झालेले आहेत. सुधारगृहातील एका खोलीत ब्रायनी ही मानसशास्त्रज्ञ जेमीला भेटते. एरिन डोहर्टी या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. ब्रायनी त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणते, आपल्या डब्यातले अर्धे सँडविच देते. सुमारे पन्नास मिनिटे दोघे बोलतात. मुलगा लाडात येतो, चिडतो, अंगावर धावून ओरडतो, मग ती घाबरली हे पाहून खूश होतो, आणि पुन्हा लहान होतो. बोलण्याच्या ओघात तो सांगतो, की केटीने विश्वासाने पाठवलेले तिचे छायाचित्र एका मुलाने शाळाभर पसरवले, तेव्हा जेमीने तिला जत्रेला येतेस का म्हणून विचारले. ती या वेळी खचलेली असेल, म्हणून कदाचित हो म्हणेल, असा त्याचा हिशेब होता. ती नाही म्हणाली.

हा हिशेब मला तळघरातल्या माणसाच्या प्रवचनाचा सख्खा भाऊ वाटतो. दोघेही स्त्रीकडे जातात ते ती मोडलेली असताना. दोघांनाही आपण दयाळू आहोत असे वाटते. जेमी तर पुढे जाऊन म्हणतो, की हातात सुरी असूनही मी तिच्या अंगाला हात लावला नाही, दुसऱ्यांनी लावला असता. तेव्हा मी बरा नव्हे का, असा त्याचा सूर आहे. भेट संपताना तो ब्रायनीला पुन्हा पुन्हा विचारतो की मी तुम्हाला आवडतो का. ती व्यवसायाच्या मर्यादेमुळे उत्तर देऊ शकत नाही. रक्षक त्याला ओढून नेतात आणि काचेपलीकडून त्याचा तोच प्रश्न ऐकू येत राहतो. एकटी उरल्यावर ब्रायनीला रडू कोसळते. त्याने एकच घास खाल्लेले सँडविच उचलायला ती हात लावते आणि चटका बसल्यासारखा मागे घेते. एवढ्या एका हालचालीत करुणा आणि किळस एकत्र दाखवणे सोपे नाही.

मग दीडशे वर्षांत बदलले काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही भयंकर आहेत. तळघरातला माणूस आपल्या टिपणांत सारखा 'सज्जनहो' असे म्हणून कोणाला तरी संबोधत असतो. ते सज्जन अस्तित्वातच नसतात हे तो स्वतःच कबूल करतो. तो भिंतीशी बोलत असतो. आज ते सज्जन उत्तर देतात. पूर्वी प्रत्येक तळघरात एकच माणूस होता. आता मधल्या भिंती पाडून सगळी तळघरे एकमेकांना जोडलेली आहेत आणि तिथे रात्रभर सभा भरते. त्या सभेत वक्ते आहेत, चेले आहेत, आणि पैसा मिळवणारेही आहेत. दुसरी गोष्ट हिशेबाची. तळघरातला माणूस ज्या एका गोष्टीशी जिवाच्या आकांताने भांडतो ती म्हणजे माणसाचे गणित मांडणे. दोन दुणे चार हे त्याला भिंतीसारखे वाटते. माणूस हा पेटीतला सूर नव्हे, तो आपल्या हिताविरुद्धही वागू शकतो, यातच त्याचे माणूसपण आहे असे तो ओरडून सांगतो. त्याच्या आजच्या नातवंडांनी मात्र ऐंशी-वीसचे गणित आपणहून गळ्यात बांधून घेतले आहे. जबड्याचे हाड किती रुंद, उंची किती, यावर आपले भाग्य ठरलेले आहे असे ते मानतात. आजोबा निदान बंडखोर होता. तो नीच होता, पण आपण नीच आहोत हे त्याला ठाऊक होते आणि त्याने ते लिहून ठेवले. त्याला पापनिवेदन म्हणता येणार नाही, पण त्याच्या उंबऱ्यापर्यंत तो आला होता. नातू आपल्या लाजेला सिद्धांत म्हणतो. सिद्धांताचा पश्चात्ताप कसा व्हावा?

मालिकेच्या चौथ्या भागात लाजेचे मूळ दाखवले आहे आणि तिथे लेखकद्वयाचा हात फार हळुवार पडला आहे. जेमीचा बाप एडी हा नळजोडणीचे काम करणारा सज्जन माणूस. ही भूमिका स्टीफन ग्रॅहम यांनीच केली आहे. एडीला त्याच्या बापाने बेदम मारलेले होते. आपण मुलाला कधी हात लावायचा नाही अशी त्याने शपथ घेतली व पाळली. मुलगा कणखर व्हावा म्हणून तो त्याला फुटबॉलला नेतो. मुलाला खेळ जमत नाही, इतर बाप हसतात, आणि एडी दुसरीकडे पाहू लागतो. मुलगा त्या वेळी त्याच्याकडेच पाहत असतो. बस, एवढेच. मारले नाही, बोलले नाही, फक्त नजर वळवली. आईला आठवते ते असे, की शाळेतून आल्यावर पोरगा जिना चढून खोलीत जाई, दार आपटे, रात्री एक वाजताही दिवा दिसे, ती दार वाजवी आणि दिवा मालवला जाई. खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटत राहिले. जेमीची थोरली बहीण मात्र त्याच घरात वाढून शहाणी, समंजस निघालेली आहे. ती आपल्याकडून कशी घडली, याचे कोडे आईबापांना सुटत नाही. मालिकाही ते सोडवत नाही, आणि हा तिचा प्रामाणिकपणा आहे. (या बहिणीचे नाव लिसा आहे. हा योगायोगच असावा.)

इतके सगळे मान्य करून मला या मालिकेवर एक गंभीर आक्षेप घ्यायचा आहे. तिचा प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात टिपलेला आहे, मध्ये कुठेही तोड नाही. याची तांत्रिक वाहवा पुष्कळांनी केली. मला त्याचा नैतिक अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. बापाने नजर वळवली, पण या कॅमेऱ्याला नजर वळवता येत नाही. तो पाहतच राहतो. मात्र जो कॅमेरा तोडच घेत नाही, तो ज्या घरी जात नाही ते घर आपोआप अधिक ठळक होते. हा कॅमेरा केटीच्या घरी एकदाही जात नाही. तिचे आईवडील आपल्याला दिसत नाहीत. तिची आठवण काढून आकांत करते ती एकटी तिची मैत्रीण जेड, आणि तिलाही मालिका दुसऱ्या भागात मागे सोडते. सहकारी महिला अधिकारी फ्रँक एकदा बोलूनही दाखवते, की अशा प्रकरणांत सर्वांना मुलगाच आठवणीत राहतो, मुलगी कोणाला आठवत नाही. लेखकांना आपली उणीव ठाऊक होती, म्हणून त्यांनी ती एका पात्राच्या तोंडून कबूल केली. पण कबुली म्हणजे भरपाई नव्हे. चार तासांनंतर केटीविषयी आपल्याला काय ठाऊक असते? एक छायाचित्र पसरवले गेले, तिने टर उडवली, ती मेली. म्हणजे ज्या सभेने जेमीला बिघडवले तिनेही केटीविषयी साधारण एवढेच सांगितले असते.

दोस्तोयेव्हस्कीकडेही सारी कथा पुरुषच सांगतो, तोही खोटारडा पुरुष. लिझाच्या वाट्याला मोजकी वाक्ये येतात. तरीही ती पुस्तकातली सर्वांत उंच व्यक्ती आहे, आणि हे आपल्याला तिच्या शत्रूच्या तोंडून कळते. पतित स्त्रीला उचलून घेणारा उदार पुरुष हा त्या काळच्या रशियन साहित्यातला आवडता विषय होता. दोस्तोयेव्हस्कीने त्याच विषयावरची नेक्रासोव्हची कविता दुसऱ्या भागाच्या आरंभी देऊन ती 'वगैरे वगैरे' म्हणून मध्येच तोडली आहे. उचलून घेणारा इथे लिझा आहे, हे त्याला दाखवायचे होते. मालिकेला हे साधले नाही.

हा आक्षेप मी घेतो आहे खरा, पण तो घेण्याचा अधिकार मला कितपत आहे? सेमिनरीत आम्हाला नेत्रसंयम शिकवला गेला. समोरून स्त्री आली की नजर खाली. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि त्या वयात त्याचा उपयोगही झाला असेल. पण सतत जिच्यापासून नजर वळवायची ती हळूहळू व्यक्ती राहत नाही, धोका होते. ही आमची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील तेर्तुलियनने स्त्रीला सैतान आत शिरण्याचे दार ठरवले होते. ते आम्ही ख्रिस्तसभेच्या इतिहासात वाचले आणि पुढच्या पानावर गेलो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ जून १९९५ रोजी जगातील स्त्रियांना पत्र लिहून, ख्रिस्तसभेची लेकरे या अन्यायाला जिथे जबाबदार असतील तिथे आपल्याला त्याचे मनापासून दुःख आहे, असे कळवले. ते पत्र आमच्या वाचनालयात आले होते. त्यावर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी युवक-युवतींच्या एका शिबिरात माझे शुद्धतेवर व्याख्यान होते. मी मुलींच्या पोशाखावर बोललो, एकदोन विनोद केले. मुले खळखळून हसली. मला वाटले, व्याख्यान रंगले. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मान खाली घालून बसली होती ती शेवटपर्यंत वर पाहीना. शिबिरानंतर तिने तिथे येणे सोडले, आणि मी कोणाला कारणही विचारले नाही. लिझा जेव्हा त्या माणसाला म्हणते की तुम्ही पुस्तकातले बोलता, तेव्हा आता मला ती मान आठवते. त्या हसणाऱ्या मुलांना तळघराची किल्ली फक्त मोबाइलनेच दिली, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शिमोन परुशाच्या घरची मेजवानी आहे. गावात पापी म्हणून ठाऊक असलेली एक स्त्री येते आणि येशूचे पाय आसवांनी भिजवते. शिमोन मनात म्हणतो, हा संदेष्टा असता तर ही कोण आहे ते याने ओळखले असते. येशू त्याला जे विचारतो ते वरवर निरर्थक वाटावे असे आहे: ही बाई तुझ्या नजरेला पडली का? ती तर त्याच्या समोरच होती. पण शिमोनाने पाहिला होता तो एक प्रकार, एक वर्ग. माणूस त्याने पाहिलेलाच नव्हता. या प्रसंगावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. प्रत्येक वेळी बाईच्या पश्चात्तापावर केले, शिमोनाच्या डोळ्यांवर एकदाही नाही.

दोस्तोयेव्हस्कीच्या या पुस्तकात एक भोक आहे, त्याविषयी सांगून थांबतो. दुसरा भाग तो लिहीत होता तेव्हा मॉस्कोत त्याची पत्नी मारिया क्षयाने मरणपंथाला लागलेली होती. एप्रिल १८६४ मध्ये ती वारली. त्याआधी मार्च महिन्यात आपला भाऊ मिखाइल याला लिहिलेल्या पत्रात त्याने संतापाने कळवले, की नायक जिथे टवाळी करतो, देवाची निंदा केल्याचा आव आणतो, ते सारे छापायला सरकारी तपासनिसांनी परवानगी दिली, आणि या सगळ्यातून श्रद्धेची व ख्रिस्ताची गरज त्याने जिथे दाखवली होती नेमका तो मजकूर कापला. पुढे पुस्तकाची आवृत्ती निघाली तेव्हाही त्याने तो परत घातला नाही, आणि हस्तलिखितही आज उपलब्ध नाही. सेमिनरीत हे ऐकले तेव्हा मला त्या तपासनिसांचा फार राग आला होता. ती पाने असती तर आम्हाला परीक्षेत किती सोपे उत्तर लिहिता आले असते! आता मला त्यांची उणीव फारशी भासत नाही. ती पहिल्या भागातली पाने होती, म्हणजे पुन्हा तळघरातल्या माणसाचे बोलणे, आणि त्याचे बोलणे किती पुस्तकी असते हे लिझाने आपल्याला सांगितलेले आहे. लिझा निघून गेल्यावर तो खोलीत येतो तेव्हा टेबलावर त्याला काहीतरी चुरगळलेले दिसते. त्याने तिच्या मुठीत कोंबलेली पाच रुबलांची निळी नोट असते. घरात दुसरी नोट नव्हती. ती केव्हा टाकून गेली हे त्याच्या लक्षातही आलेले नसते. तो धडपडत कपडे चढवतो आणि बाहेर धावतो. बर्फ दाट, सरळ पडत असते. रस्त्यावर कोणी नसते.